शब्द कोणाच्या टाकसाळीतला? फसवणुकीचे नवे शब्द आणि आपली गावे

वर्धाकाठ (धागाकर्ता)

आर्वी तालुक्यातील एका गावात मी गेली अकरा वर्षे सेवा केंद्र चालवतो. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीकविम्याचा अर्ज अशा कामांसाठी माणसे येतात आणि आपला नंबर लागेपर्यंत बाकड्यावर बोलत बसतात. मागच्या महिन्यात एक आजी मोबाइल घेऊन आल्या. लग्नपत्रिका म्हणून एक फाइल आली होती आणि पाठवणाऱ्याचा नंबर ओळखीचा नव्हता. त्यांनी मोबाइल टेबलावर पालथा ठेवला आणि विचारले, "भाऊ, ही पत्रिका हाये का एपीके हाये?"

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो की, मोबाइलमध्ये नवे अ‍ॅप बसवण्याच्या फाइलच्या नावामागे ही तीन इंग्रजी अक्षरे असतात. ठग तिला कधी लग्नपत्रिकेचे, कधी वाहनाच्या दंडाच्या चलानाचे, तर कधी पीएम किसानच्या हप्त्याचे नाव देतात, आणि ती एकदा बसवली व मागेल त्या परवानग्या दिल्या की आपल्याला येणारे ओटीपी तिकडे वाचले जातात. आजींना यातले काहीही ठाऊक नाही. त्यांच्या लेखी एपीके म्हणजे पाहुण्याचा वेश घेऊन आलेला चोर, आणि खरे सांगायचे तर ही व्याख्या माझ्या व्याख्येपेक्षा चांगली आहे. चारच दिवसांनी हाच शब्द एका सोयरिकीबद्दल ऐकला. "बारा एकर हाये म्हणत होते, सातबारा पायला तं एपीके निघाली." त्या दिवसापासून मी एक वही घातली आहे. तिच्यात तीन रकाने आहेत: शब्द, कोठे ऐकला, आणि तो कोणी घडवला असावा.

तिसऱ्या रकान्यासाठी हा धागा काढला आहे. फसवणुकीचा शब्द तिघांपैकी कोणीतरी घडवतो: फसवणारा, फसलेला किंवा बाजूला उभा राहून पाहणारा. शब्द ज्याच्या टाकसाळीतून निघतो, त्याचेच काम तो पुढे करत राहतो, असा माझा अंदाज आहे. टाकसाळ हा शब्द मी उगाच वापरलेला नाही. आपल्या गावात बियाण्यापासून लाभार्थ्यापर्यंत सगळ्याला चिकटणारा 'बोगस' हा शब्द अमेरिकेतून आला, आणि तेथे १८२७ च्या सुमारास तो खोटी नाणी पाडणाऱ्या यंत्राचे नाव म्हणून छापलेला आढळतो. आपण त्याला 'बोगसगिरी' असा प्रत्ययही लावला. परक्या शब्दाला मराठी शेपूट फुटले की तो मुक्कामाला आला असे समजावे.

फसवणाऱ्याने घडवलेल्या शब्दाचा ठळक नमुना म्हणजे 'डिजिटल अरेस्ट'. व्हिडिओ कॉलवर पोलिसाचा गणवेश घालून बसलेला मनुष्य 'तुम्हाला घरातच अटक केली आहे, कॅमेरा बंद करू नका' असे सांगतो. आपल्या कायद्यात अशी अटक कोठेही नाही, आणि २७ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांनी आकाशवाणीवरून ते स्पष्टपणे सांगितले. तरीही वर्तमानपत्रे तोच शब्द अवतरणचिन्हाशिवाय छापतात, त्याचे 'डिजिटल अटक' असे भाषांतरही करतात, आणि मग घाबरलेल्या माणसाला वाटते की ज्या अर्थी नाव आहे त्या अर्थी गोष्टही असणार. फसवणुकीतली पहिली खोटी वस्तू हा शब्दच आहे.

आपल्या भागातील शब्द द्यावेत. शक्यतो ऐकलेलेच द्यावेत.

काटा

भाऊ, धागा आवडला. माझी सगळी हयात कापसाच्या खरेदीत गेली, म्हणून तराजूपासून सुरुवात करतो.

जुने शब्द सगळ्यांना ठाऊक आहेत. 'दांडी मारणे' हा शब्द शाळा बुडवण्यासाठी वापरणाऱ्यांनी तराजूची दांडी पाहिलेली नसते. 'मापात पाप' आहेच. 'कडता' हा शब्द मात्र नीट पाहण्यासारखा आहे. क्विंटलमागे किलो-दोन किलो वजन 'ओलावा', 'कचरा', 'पोत्याचे वजन' अशा नावाने कापले जाते, त्याला कडता म्हणतात. त्यात फसवणूक असा सूरच नाही, तो हमाली-तोलाईच्या पंक्तीत बसलेला सभ्य शब्द आहे. वर्धाकाठ भाऊंच्या हिशेबाने तो घेणाऱ्याच्या टाकसाळीतला.

नवा शब्द 'रिमोट'. खेडा खरेदीची गाडी घरासमोर येते, इलेक्ट्रॉनिक काटा अंगणात मांडला जातो आणि आकडे लाल अक्षरांत सगळ्यांसमोर दिसतात, म्हणून शंकेला जागा राहत नाही. गोम खिशातल्या बटणात असते. बटण दाबले की काटा ठरावीक किलो कमी दाखवतो आणि सोडले की पुन्हा खरा होतो. आता आमच्याकडे गोड बोलून कमी देणाऱ्या कोणालाही 'त्याच्या खिशात रिमोट हाये' असे म्हणतात. भावाभावांच्या वाटणीतसुद्धा हे वाक्य मी ऐकले आहे.

आमच्या गल्लीतील एका काकूंनी यावर काढलेला उपाय सांगतो. युरियाचे न उसवलेले पोते त्या आधी काट्यावर ठेवायला लावतात. २०१८ पासून हे पोते पन्नासऐवजी ४५ किलोचे झाले आहे. काटा ४५ च्या आसपास दाखवत नसेल तर पुढे बोलणेच नाही. एकदा गाडीवाला म्हणाला, "काकू, विश्वास नाही का?" तेव्हा काकू म्हणाल्या, "पोत्यावर हाये."

पऱ्हाटी

काटा भाऊ, युरियाचा विषय निघालाच आहे तर 'लिंकिंग' घ्या. युरियाचे पोते हवे असेल तर सोबत नको असलेली दुसरी बाटली किंवा पुडा घ्यावाच लागतो, त्या प्रकाराला हे नाव आहे. 'जोडणी' किती निरुपद्रवी वाटते! आमचे वडील त्याला सरळ 'गळ्यात मारणे' म्हणायचे. आता तेही लिंकिंग म्हणतात, आणि म्हणताना त्यांचा राग निम्मा झालेला असतो.

परंतु मला खरे लिहायचे आहे ते 'चोरबीटी'बद्दल. बाहेरच्या वाचकांसाठी थोडे सांगतो. बोंडअळीविरुद्धच्या बीटी कापसाला आपल्या देशात २००२ साली परवानगी मिळाली. तणनाशक फवारले तरी न मरणारे पुढचे वाण मात्र परवानगीविनाच शेतात पोहोचले, आणि त्याला गावाने चोरबीटी म्हटले. पाकिटावर कंपनी नसते, असली तरी खरी नसते, आणि बिल तर नसतेच. २०२५ च्या हंगामात परवानगी असलेल्या बीजी-टू या बीटी वाणाचे ४७५ ग्रॅमचे पाकीट ९०१ रुपयांच्या सरकारी भावाने मिळत होते, तरी लोक चोरबीटीकडे वळतात, कारण निंदणाला बायामाणसे मिळत नाहीत आणि मिळाली तर मजुरी परवडत नाही.

आता या शब्दातला 'चोर' कोण? बियाणे विकणारा, पेरणारा की खुद्द बियाणे? १० जून २०१९ रोजी अकोट तालुक्यातील अकोली जहांगीर येथे शेतकरी संघटनेच्या लोकांनी हे बियाणे जाहीरपणे पेरले. चोरी लपून करतात आणि ते दिवसाढवळ्या पेरत होते, म्हणजे तो प्रश्न त्यांनी कायद्यासोबत शब्दालाही विचारला असे मी मानतो. त्या वादात कोण बरोबर हे येथे नको.

माझी गोष्ट वेगळी आहे. तीन वर्षांपूर्वी मी चोरबीटीची पाकिटे घेतली. पाऊस बरा झाला, उगवण चांगली झाली, तणही माजले. महिनाभराने निश्चिंतपणे ग्लायफोसेट हे तणनाशक फवारले. पाचव्या-सहाव्या दिवशी तण पिवळे पडू लागले तेव्हा मी बांधावर उभा राहून समाधानाने पाहत होतो. नंतर पऱ्हाटीचे शेंडे पिवळे पडले. दहाव्या-बाराव्या दिवशी वावरात तण आणि कापूस एकाच रंगाचे झाले होते. म्हणजे मला चोरबीटी म्हणून साधे बियाणे विकले गेले होते. चोरीच्या मालातही बनावट माल! बिल नव्हते, तक्रार कोणाकडे करणार, आणि केलीच असती तर पहिला प्रश्न 'तू हे घेतलेस कशाला' असाच आला असता. घरी मी 'औषधाचे प्रमाण चुकले' असे सांगितले. ज्या मालाच्या नावातच चोर आहे, त्याचा गिऱ्हाईक साव म्हणून उभा राहू शकत नाही.

या फसवणुकीला आमच्याकडे अजून शब्द नाही. कोणाकडे असेल तर द्यावा.

मास्तरीण

पऱ्हाटी भाऊ, वाईट वाटले. 'चोरावर मोर' आहे, पण त्यात मोराचे कौतुक आहे आणि तुमच्यासारख्याला जागा नाही.

मी थोडी जुन्या शब्दांकडे जाते, कारण नव्यांची चाल त्यांच्याशी ताडून पाहता येते. 'भोंदू' हा शब्द तुकोबांच्या अभंगात आहे आणि आजही तसाच धारदार आहे. 'तोतया'ला इतिहासाचा आधार आहे. पानिपतावर १७६१ साली सदाशिवरावभाऊ पडल्यानंतर 'मीच भाऊसाहेब' म्हणून एक मनुष्य उभा राहिला, त्याने मोठे बंड माजवले आणि १७७६ मध्ये त्याला देहदंड झाला. आज बनावट टीसी किंवा बनावट पोलीस पकडला गेला की वर्तमानपत्र 'तोतया' लिहिते. हे दोन्ही शब्द फसवणाऱ्याकडे बोट दाखवतात.

याउलट 'दामदुप्पट' पाहा. हिंदू कायद्यात 'दामदुपट' नावाचा नियम होता. थकलेले व्याज मुद्दलापेक्षा जास्त वसूल करता येत नाही, असा त्याचा अर्थ. सावकाराच्या हाताला लगाम घालणारा आणि कुळाच्या बाजूने उभा असलेला हा शब्द होता. आज गावात दामदुप्पट म्हटले की डोळ्यांसमोर येते ती अमुक वर्षांत पैसे दुप्पट करून देणारी आणि एका सकाळी कुलूप लावून गेलेली योजना. ज्या नावाने कुळाचे रक्षण केले त्याच नावाने नंतर त्याची बचत नेली. फसवणाऱ्याला नवा शब्द घडवण्याची तसदी दरवेळी घ्यावी लागत नाही.

'चारसोबीस'चेही दिवस भरत आले आहेत. १८६० च्या दंड संहितेतील फसवणुकीचे ४२० कलम १ जुलै २०२४ पासून गेले आणि भारतीय न्याय संहितेत त्याची जागा ३१८ व्या कलमाने घेतली. मात्र 'तो मोठा तीनशेअठरा आहे' असे कोणी म्हणताना मी अजून ऐकलेले नाही. चारसोबीस जिभेवर जसे घोळते तसे हे घोळत नाही. कायदा रद्द झाला तरी शिवी बराच काळ टिकेल, असे वाटते.

आणि पितळ! 'पितळ उघडे पडणे' हा वाक्प्रचार ज्या काळात सोन्याचा मुलामा पितळेवर असे त्या काळचा. माझ्या आजीच्या तोंडी 'गिलीट' होते, आईच्या तोंडी 'बेन्टेक्स' आले, आणि सुनेच्या पिढीत 'वन ग्रॅम' आले. पहिल्या तिन्ही शब्दांत दागिना खोटा असल्याची कबुली होती. 'वन ग्रॅम'मध्ये मात्र खोटेपणाऐवजी सोन्याचे वजन मोजले आहे. दुकानदाराने काय कौशल्याने शब्द बदलला! आमच्या शाळेतील मुली अजूनही दिखाऊ मैत्रिणीला 'बेन्टेक्स' म्हणतात, 'वन ग्रॅम' म्हणत नाहीत.

झाडीबोली

ब्रह्मपुरीकडील आहे. आमच्याकडे सध्या 'एआय' हे विशेषण झाले आहे. वाघ हा आमचा रोजचा विषय, धानाच्या बांधीत आणि मोहफुले वेचताना जिवावर बेतणारा. गेल्या वर्षभरात मोबाइलवर खोट्या वाघांचा इतका सुळसुळाट झाला की कोणतीही चित्रफीत आली की पहिला प्रश्न 'एआय तं नाही ना?' असा असतो. यात गंमत आहे आणि धोकाही आहे. पहाटे एका पोराने तलावाच्या पाळीवर वाघ दिसल्याचा खरा फोटो गटावर टाकला, तेव्हा चौघांनी 'एआय' असे लिहून विषय संपवला आणि त्यांतले दोघे त्याच पाळीने शेतावर गेले. वाघ तोवर निघून गेला होता, म्हणून आज हे हसून लिहितो आहे.

'डीपफेक' हा शब्द २०१७ साली एका संकेतस्थळावरील टोपणनावावरून पसरला. आमच्याकडे तो कोणी वापरत नाही, एआय म्हटले की भागते. मात्र एआयने काढलेले सगळेच खोटे नसते आणि खोटे असलेले सगळे एआयचे नसते, हा फरक त्यात बुडतो.

झाडीपट्टीचा मनुष्य म्हणून एक भर घालतो. दंडार या आमच्या लोकनाट्यात पुरुष लुगडे नेसून उभा राहतो आणि ते बघणाऱ्या सगळ्या गावाला माहीत असते. ते सोंग. बघणाऱ्याला कळू न देता केले की ते ढोंग. दोन अक्षरांत एवढा नेमका भेद आपल्या भाषेने करून ठेवला आहे, आणि नव्या शब्दांत तो भेद कोठेच दिसत नाही.

पुणेवासी_वऱ्हाडी

माझा थोडा मतभेद आहे. इतका गंभीर तराजू शब्दांना लावू नये. 'बह्याड (म्हणजे मूर्ख) बनवणे', 'भैताड', 'फोकनाड' (थापाड्या), 'पुड्या सोडणे', 'मामा बनवणे', 'पोपट होणे', 'बकरा' हे शब्द कोणी टाकसाळीत पाडलेले नाहीत, हसण्याच्या भरात ते तयार झाले आहेत. गाव हसते म्हणून दुसरा सावध होतो. फसलेल्याला थोडी लाज वाटत असेल, पण त्या लाजेने दहा जण वाचतात.

वर्धाकाठ

भाऊ, तुम्ही दिलेल्या यादीतून फोकनाड आणि पुड्या वगळल्या तर उरलेले सगळे शब्द फसलेल्याला हसतात. बह्याड कोण? फसलेला. मामा, पोपट, बकरा कोण? फसलेलाच. हे तिसऱ्या टाकसाळीतले, म्हणजे बघ्यांचे शब्द आहेत, आणि दहा जण वाचतात हे मला तरी दिसलेले नाही. उलट असे दिसते की पैसे गेलेला मनुष्य केंद्रावर येऊन 'मित्राचे गेले' असे सांगतो. १९३० हा मदत क्रमांक जितक्या लवकर लावावा तितकी पैसे वाटेत अडण्याची शक्यता अधिक असते, आणि आमच्याकडे पहिले दोन दिवस लाजेत जातात. पऱ्हाटी भाऊंनी घरी औषधाचे प्रमाण चुकल्याचे सांगितले, ते याच भीतीने ना?

हा केवळ आपला विचार नाही. प्रेमाचे वा मैत्रीचे नाटक करून, हळूहळू विश्वास वाढवून, शेवटी खोट्या गुंतवणुकीत सगळे पैसे काढून घेण्याच्या प्रकाराला चिनी ठगांच्या भाषेतून आलेले एक नाव जगभर रूढ झाले, ज्याचा अर्थ 'डुक्कर पोसून कापणे' असा आहे. डिसेंबर २०२४ मध्ये इंटरपोलने आवाहन केले की हे नाव वापरू नये, कारण फसलेला मनुष्य स्वतःला डुक्कर म्हणवून घ्यायला पुढे येत नाही. त्यांचे डुक्कर आणि आपला बकरा यांत फारसे अंतर नाही.

उतारा

बऱ्याच दिवसांपासून वाचतो आहे, आज लिहितो. 'भामटा' हा शब्द येथे अजून कोणी घेतला नाही म्हणून बरे वाटले, पण तो धाग्यात यायला हवा. ते काही लोकांच्या जातीचे नाव आहे. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने अनेक जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले. तो कलंक कागदावरून १९५२ साली पुसला गेला आणि विमुक्त जातींच्या यादीत हे नाव आजही जात म्हणूनच आहे. शाळेत हजेरी घेताना मागच्या बाकावरून येणारे हसू मी ऐकलेले आहे. वर्धाकाठ भाऊंच्या तीन टाकसाळींत चौथी जोडावी लागेल: सरकारची.

नव्या शब्दांतही हेच चालू आहे. फोनवरून होणाऱ्या फसवणुकीला सर्रास 'जामतारा' म्हणतात. जामतारा हा झारखंडमधील जिल्हा आहे आणि ईश्वरचंद्र विद्यासागरांनी आयुष्याच्या उत्तरार्धातील अनेक वर्षे ज्या कर्माटाडला काढली, ते याच जिल्ह्यात येते. तेथील मुलगा नोकरीच्या मुलाखतीला गेला की गावाचे नाव सांगताना त्याला काय वाटत असेल, याचा मला अंदाज करावा लागत नाही.

मास्तरीण

उतारा भाऊ, आपण लिहिलेत हे बरे झाले. तो शब्द मी वर्गात वापरलेला आहे. यापुढे वापरणार नाही.

पुणेवासी_वऱ्हाडी

उतारा यांचे म्हणणे मान्य. बकऱ्याबद्दल मात्र मी अजून विचार करतो आहे. हसण्यावर बंदी आली तर वऱ्हाडात बोलायला काय उरेल, ही माझी खरी अडचण आहे.

आठवडी_बाजार

मी महाविद्यालयात शिकते. माझी आई आठवडी बाजारात भाजी विकते, म्हणून हा शब्द तिचा आहे. गेल्या पावसाळ्यात एका गिऱ्हाइकाने तीनशे चाळीस रुपयांची भाजी घेतली आणि पैसे पाठवल्याचा हिरवा पडदा मोबाइलवर दाखवला. आईचा आवाज देणारा डबा गप्प होता. "नेट नाही काकू, येईन थोड्या वेळानं," असे तो म्हणाला आणि गर्दीत गेला. तो पडदा खोट्या अ‍ॅपवर तयार केलेला होता, हे मला संध्याकाळी कळले. आई घरी येऊन एवढेच म्हणाली, "त्यानं मले फोटो देल्ला."

आता आमच्या ओळीतील सगळ्या बायका 'फोटो देणे' असेच म्हणतात. बाकी व्यवहारांतही तो शिरला आहे. उधारी बुडवणाऱ्याने फोटो दिला, मत मागून गेलेल्याने फोटो दिला. गिऱ्हाइकाने मोबाइल पुढे केला की त्या म्हणतात, "फोटो नको दाखवू, आवाज येऊ दे." 'सगळी सोंगे आणता येतात, पण पैशाचे सोंग आणता येत नाही' ही म्हण आमच्या पुस्तकात होती. झाडीबोली दादा, आता तेही आणता येते, आणि तुमच्या व्याख्येने ते ढोंगच झाले.

पऱ्हाटी

ताई, हा शब्द मला लागू पडतो. मला बियाण्याचा फोटो मिळाला. यात मी बह्याड ठरत नाही, देणाऱ्याने फोटो दिला एवढेच होते. आज रात्री घरी सांगून पाहतो.

वर्धाकाठ

नोंदवला. दुसऱ्या रकान्यात 'आठवडी बाजार, भाजीची ओळ' लिहिले आहे. तिसऱ्या रकान्यात आपल्या आईचा उल्लेख करू का? नाव लिहिणार नाही, 'भाजीवाल्या काकू' एवढेच लिहीन.

आठवडी_बाजार

आईला विचारले. ती म्हणाली, "मायं नको लिहू. पयले लसूणवालीनं म्हटलं होतं, तिले दोन हप्ते आधी देल्ला होता."